साहेबांच्या पायांची मोजदाद

मागच्या पायाला तीनच बोटं होती.

निरीक्षकांनी पुन्हा मोजली. तीन. पुढच्या पायाला चार, म्हणजे मागे एक कमी. त्यांनी दुसरा मागचा पाय धरला. तिथेही तीन. वजनमापे खात्यात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूतली तूट पकडणाऱ्या माणसाला आज दोन बोटांची तूट सापडली होती, आणि तीही स्वतःच्याच ताब्यातल्या मालात. माल किंचाळत होता.

माल म्हणजे गिनी पिग. रंग तपकिरी, आकार विटेएवढा, नाव साहेब. दिवसभर बसून राहायचं आणि पिशवी वाजली की ओरडायचं, म्हणून साहेब. मालकीण निरीक्षकांच्या बायकोची दहा वर्षांची मुलगी. लग्नाला सात महिने झाले होते, आणि सात महिन्यांत या मुलीने निरीक्षकांना कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती. "दार लावा." "आई बोलावतेय." नुसत्या क्रियापदांवर तिने भागवलं होतं.

सोमवारी मात्र ती आपणहून समोर येऊन उभी राहिली. "माझी परीक्षा आहे. शुक्रवारपर्यंत साहेबांचं तुम्ही बघा."

तिने दिलेलं हे पहिलं काम. निरीक्षकांनी ते वरून आलेल्या आदेशासारखं शिरसावंद्य मानलं. पाणी मोजून, गवत तोलून. मोजण्याची त्यांना मुळातच खोड होती. जिन्याच्या पायऱ्या एकोणीस, आणि आपल्या निळ्या मोज्यांच्या सहा जोड्यांपैकी आता आठच मोजे उरलेत, हेही त्यांना तोंडपाठ होतं. दुपारी जेवायला घरी यायचं, आधी पिंजरा साफ करायचा, मग स्वतःचं ताट.

आज पिंजऱ्याचं दार जरा जोरात लागलं होतं. साहेब ओरडले होते. आणि आता ही तीन बोटं.

निरीक्षक गुडघ्यांवर बसले. त्यांनी गवताची काडी न् काडी चाळली. लेंड्या सापडल्या, बोटं नाहीत. साडेचारला मुलगी घरी येणार होती. आणि तिच्यानंतर तिची आई. ती इस्पितळात नर्स होती आणि तिचा निकाल घरात केव्हाच जाहीर झालेला होता: "आठ तास माणसांच्या जखमा बघते मी. घरी येऊन जनावराच्या बघणार नाही. एक फोड जरी दिसला, तर साहेबांची बदली. थेट मामाच्या गोठ्यात."

निरीक्षकांनी साहेबांना टॉवेलात गुंडाळलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली. चप्पल दोन वेळा निसटली.

"दारात चिरडली," त्यांनी बसायच्या आधीच कबुलीजबाब दिला. "दोन्ही मागच्या पायांचं एकेक बोट. शोधली हो, सापडली नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सापडणार कशी? कधी नव्हतीच. पुढे चार, मागे तीन. या जातीला देवाने इतकीच दिलीत. बसा, नाहीतर तुम्हालाच टेबलावर घ्यावं लागेल."

निरीक्षकांच्या जिवात जीव आला. तो तिथे जेमतेम दहा सेकंद टिकला. कारण बाईंनी पाय उलटा केला.

तळवा खराब झाला होता. लालभडक कातडी, वाटाण्याएवढी सूज, मधोमध काळी खपली.

"बोटं मोजलीत, तळवा नाही बघितलात," बाई म्हणाल्या. "हे तीन आठवड्यांचं तरी आहे. पिंजऱ्याला खाली तारेची जाळी आहे ना? त्यावर हे एवढं वजन. अजून आठ दिवस गेले असते तर हाडापर्यंत पोचलं असतं."

"मरेल?" निरीक्षकांनी विचारलं.

"आज आणलंत, म्हणून बहुतेक नाही." जाळी काढायची. कोरडं, मऊ अंथरूण, ओलं झालं की लगेच बदलायचं. औषध दोन वेळा. 'क' जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरचीचा तुकडा रोज. बोलता बोलता बाईंनी नखं कापली, खपली भिजवली आणि तिच्या कडेला अडकलेला एक निळा धागा चिमट्याने अलगद सोडवला. "खाली कुणीतरी मऊ कापड घालत होतं. अकलेचं काम. त्यामुळेच इतकं तरी वाचलंय."

निरीक्षकांनी धाग्याकडे बघितलं. मग खाली, आपल्या पायांतल्या मोज्यांकडे.

साडेचारला मुलगी आली तेव्हा पिंजऱ्यात जाळीऐवजी दुलईची घडी होती, आणि तिच्यावर साहेब पायाला औषध लावून, अपमान झाल्यासारखे बसले होते. मुलगी दप्तरासकट दारातच थिजली.

"आईला सांगितलंत?"

"अजून नाही." निरीक्षक जमिनीवरच बसले होते. "तुला माहीत होतं."

तिने मान डोलावली.

"मोजे माझे."

पुन्हा मान. "रात्री जाळीवर घालत होते. सकाळी काढून ठेवत होते. आई साहेबांना देऊन टाकेल."

"नाही देणार. औषधपाणी माझ्याकडे, आईशी मी बोलतो. बदली रद्द." निरीक्षकांनी दुलईची घडी सारखी केली. "पण अगं, मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर मी सांगितल्यासारखं झालं असतं. साहेब गेले असते तर माझ्यामुळे."

निरीक्षकांनी विषय बदलला. "बरं, परीक्षा कशी चाललीय?"

"परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

निरीक्षक तिच्याकडे बघतच राहिले. मग घाबरत घाबरत विचारलं, "आणि मी पाय बघितलेच नसते तर?"

मुलीने दप्तर उतरवलं आणि त्यांच्या शेजारी बसली.

"तुम्ही सगळंच मोजता ना," ती म्हणाली. "म्हटलं, मोजत मोजत कधीतरी पायांपर्यंत याल."