मळणीच्या आधी

"पोरीची सातवीची परीक्षा तुमी बुडवली, साहेब. डोळ्यांनी न्हाई. तुमी!"

गोजरबाई सरकारी दवाखान्यात टेबलापुढं उभी होती. कडेवर तान्हं पोरगं, शेजारी लेक झुंबर. बाकावरच्या बाया वळून बघायला लागल्या. डॉक्टरांनी मानसुद्धा वर केली नाही.

दर साली शाळूची मळणी लागली की झुंबरचे डोळे सुजायचे. खाज, आग, चिकट पाणी. खळ्यावरचा भुसा गावभर उडायचा. बाकीच्यांना शिंका यायच्या, हिला समोरचं दिसायचं नाही. गाव म्हणायचं, डोळे आले. आलेल्या डोळ्यांकडं नुसतं बघितलं तरी आपले येतात, ही गावाची खात्री. गेल्या साली परीक्षेच्या केंद्रावर मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांवर हात धरून तिला बाहेर काढलं. शिकलेला माणूस!

खरं तर उपाय गोजरबाईला त्याच्या आधीच कळला होता. राहुरीच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी झुंबरच्या पापण्या उलटून बघितल्या होत्या. "ही साथ नाही. धुळीचं वावडं आहे. मळणी लागायच्या आधीच रोज थेंब घाला. सरकारी दवाखान्यात मिळतील."

गोजरबाई वेळेत आली होती. याच टेबलावरून तिला हाकललं होतं. डोळे लाल झाल्यावर थेंब मिळाले, तोवर परीक्षा गेली.

आता मळणी पुन्हा तोंडावर आली होती. बापानं सांगून टाकलं होतं, औंदा सातवी झाली न्हाई तर दसऱ्यानंतर पोरगी चुलत्याबरोबर ऊसतोडीला.

डॉक्टरांनी झुंबरच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "स्वच्छ आहेत. चांगल्या डोळ्यांत ओतायला औषध काय आडाचं पाणी आहे? लाल झाले की ये."

"म्हंजी परीक्षा बुडाली की ये."

"जास्त बोलू नकोस. अन् या पोराला देवीची लस टोचली का?"

"न्हाई."

"कंपाउंडर, धरा त्याला!"

गोजरबाई मागं सरली. तिनं पोराला पदराखाली घेतलं.

"धडधाकट हाय त्यो. अंगावर फोड आलं की आनते."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अडाणी बाई! फोड आल्यावर टोचून काय उपयोग? रोग यायच्या आधीच बंदोबस्त करायचा असतो. कधी कळणार तुम्हा लोकांना?"

बाकावरची एक म्हातारी फिसकन हसली.

गोजरबाई पुढं झाली. पोराचा दंड तिनं स्वतःच उघडा केला आणि डॉक्टरांपुढं धरला.

"टोचा. त्याच्यासाठीच आनलाय त्याला. पर आदी सांगा साहेब, डोळ्याला निराळा कायदा कुनी केला?"