शेळ्या कुणाच्या?

“एवढंच सांगायचं, नाना. भामाक्कानं म्हसवडच्या जत्रेतनं एक शेळी आणली आनि अर्धलीनं राखायला माझ्याकडं दिली. शेळी तिची, राखण माझी, करडं निम्मी निम्मी. माझा वाटा मी इकून खाल्ला. आता कोंडवाड्यात हायत त्या समद्या तिच्या. म्हंजे तुमच्या.”

अकिला पाढे म्हणावेत तसं बोलली. जोतीरामनानांनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. भामाक्का म्हणजे त्यांची वारलेली बायको.

“आनि ह्ये मी देवाशपथ सांगू?”

“व्हय.”

तिचा नवरा जैनुद्दीन शिलाई मशीनवर मान खाली घालून बसला होता. “नानास्नी कशाला ओढतीस ह्यात?” एवढंच तो पुटपुटला.

चुलतभावाला जामीन राहिला, हीच काय ती त्याची चूक. चुलतभाऊ परागंदा झाला, सिमेंट-लोखंडवाल्या जयराजनं दावा लावला आणि कोर्टाचा हुकूमनामा जैनुद्दीनच्या गळ्यात पडला. शिलाई मशीन पोटापाण्याचं हत्यार म्हणून कायद्यानंच वाचलं. मग बेलिफानं शेळ्या जप्त केल्या. आता त्या कोंडवाड्यात ओरडत होत्या आणि येत्या बाजारी त्यांचा लिलाव होता. शेळ्या गेल्या की अकिलाचं घर बसणार, हे सगळ्या गल्लीला कळत होतं.

खरं तर जैनुद्दीन वर्षभर तिच्या विनवण्या करत होता, शेळ्या विकू आणि मोकळे होऊ. ही बाई एक शेळी विकायला तयार नव्हती. हट्टी स्वभाव, दुसरं काय, असं म्हणून नानांनी तो विषय सोडून दिला होता.

पण त्यांची स्वतःची अडचण मोठी होती. जोतीराम खोटं बोलायला शिकला असता तर एव्हाना सरपंच झाला असता, असं गाव म्हणायचं. पुतणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी मुलीचं वय विचारलं, तेव्हा घरात ठरलेलं सोडून नानांनी खरं ते सांगून टाकलं होतं. भावजय अजून त्यांच्याशी बोलत नाही. फौजेतली सबंध नोकरी करून हा माणूस खरेपणाची एवढीच कमाई घेऊन आला होता, आणि ती आता एका सकाळीत खर्च करायची होती.

तरी नाही म्हणवेना. भामाबाई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं अंग पुसलं, वेणी घातली, ती ह्या अकिलानं. वर गेल्यावर देवाला काय सांगायचं ते बघू, आधी कोर्टाला सांगू, असं नानांनी ठरवलं.

शेळ्या आपल्या आहेत, अशी जप्तीवर हरकत घेऊन ते जतच्या कोर्टात पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेताना ते दोनदा अडखळले. पण एकदा सुरू झाल्यावर जत्रा, शेळी, अर्धली, सगळं धडाधड म्हणून मोकळे झाले.

जयराजचा वकील उठला. “शेळ्या तुमच्या आहेत, हे तुम्हाला कधी कळलं?”

ह्याचं उत्तर अकिलानं पढवलं नव्हतं. सवयीनं खरं तेच तोंडातून गेलं.

“परवा.”

कोर्टात हशा पिकला. अकिलानं पदर तोंडात धरला. वकिलाला तर आयतंच घबाड मिळालं. “म्हणजे इतकी वर्षं बायकोनं तुम्हाला पत्ता लागू दिला नाही?”

“मी लडाखला व्हतो, साहेब. आनि बायकू नवऱ्याला समदं सांगती, असं तुमच्या घरी असंल तर तुमी लय नशीबवान.”

न्यायाधीशबाईंनासुद्धा हसू आवरेना. तेवढ्यात जयराजनंच वकिलाची बाही ओढली. “ऱ्हाऊ द्या. गड्यानं आजवर खोटं बोललेलं आमी ऐकलं न्हाई. नाना म्हंत्यात तर शेळ्या त्यांच्याच. माझी हरकत न्हाई.”

जप्ती उठली.

कोंडवाड्याचं फाटक उघडलं तशा शेळ्या अकिलाच्या अंगावर आल्या. ती रडत होती, हसत होती आणि एकेकीला शिव्या देत होती. जैनुद्दीननं नानांचे दोन्ही हात धरले. नानांनाही बरं वाटलं, उगाच कशाला नाकारा. गावात शिरेपर्यंत ते टेम्पोत गाणं गुणगुणत होते.

दिवस कलला आणि जयराजचे शब्द टोचायला लागले. हरणारा माणूस आपल्या भरवशावर हरला होता. नानांनी टोपी घातली आणि ते अकिलाच्या दारात आले.

“मी जयराजकडं चाललोय. खोटं बोललो म्हनून सांगतो. पुढं काय व्हायचं ते हू दे.”

“आवं नाना, खोटं कवा बोललासा?”

नानांनी घातलेली टोपी पुन्हा काढली.

“मी तुमास्नी खोटं बोला म्हनलं व्हतं? भामाक्कानं शपथ घातली व्हती, आमच्या ह्यास्नी कदी सांगू नगंस. मी न्हाईच सांगितलं. कोर्टाला सांगा, एवढंच म्हनलं. दुसऱ्याच्या शेळ्या मी कशा इकायच्या, आनि नवऱ्याला तरी काय सांगायचं?”

नाना उंबऱ्यावर बसले. खोटं बोललो नव्हतो. एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांना हसूच आलं.

“पर माझ्यापास्नं कशाला लपवायचं गं? शेळ्याच तर व्हत्या.”

अकिलानं जवळच्या करडाला पुढ्यात ओढलं.

“तुमी बर्फात व्हता, नाना. परत आला न्हाईसा, तर तिला जगायला म्हनून.”