तिवस्याचा शिवम

"घ्या ना. काहून नुसते पाहून राहिले?"

पोह्यांचा ट्रे पुढे धरून अपेक्षा नवरदेवाला, म्हणजे शिवमला, एवढंच म्हणाली आणि शेजारी बसलेल्या गोदाबाईच्या, त्याच्या आईच्या, घशात पाणी अडकलं. हा आवाज तिने चार महिने रोज ऐकला होता. नुसता ऐकला नव्हता, त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

वेळ मोठी नाजूक होती. तिवस्याजवळच्या खेड्यातून हे तिघं अकोल्याच्या जुन्या शहरात पोरगी पाहायला आले होते, आणि हे तेरावं स्थळ होतं. पोरगा बत्तीस वर्षांचा, पाच एकर काळी जमीन, स्वभावाने गाय. पण त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाला बोंडअळी, सोयाबीनला पाऊस आणि शेतकऱ्याच्या पोराला नकार, हे तिन्ही ठरलेलं असायचं. शिपाई चालतो, शेतकरी नको, असं बारा घरांनी तोंडावर सांगितलं होतं. हेही स्थळ गेलं तर शिवम जन्मभर बिनलग्नाचा राहील, या धसक्याने गोदाबाईला महिनाभर घास गोड लागत नव्हता.

आणि समोर ही उभी.

त्याचं असं झालं. शिवमने आपला जुना फोन आईला भजनं ऐकायला दिला. त्यात त्याने कधीतरी घेतलेला आणि दोन दिवसांत कंटाळून सोडलेला लढाईचा एक गेम होता. गोदाबाई ज्वारी राखायला दिवसभर मचाणावर बसायची, आणि गावात कुठे नाही ते नेटवर्क नेमकं मचाणावर. शंभर जण बेटावर उतरतात, एकमेकांना गोळ्या घालतात, शेवटी उरेल ती चौघांची टोळी जिंकते, हे तिला चार दिवसांत कळलं. जन्मभर गोफण फिरवलेला हात. तिचा बॉम्ब खिडकीतून नेमका आत जायचा. पहिल्यांदा जिंकली त्या दिवशी तिने शेतातल्या बायांना गूळ-शेंगदाणे वाटले. काहून ते सांगितलं नाही. गेमवर पोराने टाकलेलं 'तिवस्याचा शिवम' हेच नाव राहिलं. माइक मात्र तिने कधी सुरू केला नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईने बोलावं तरी कोण्या तोंडाने? ती फक्त ऐकायची.

ऐकायला काय मिळायचं? टोळीची म्होरकी अकोल्याची कोणी पोरगी होती, जिभेला हाड नसलेली. गोदाबाई मारलेल्या शत्रूच्या गोळ्या उचलत नसे. मयताच्या अंगावरचं घेऊ नये, ही तिच्या घरची रीत; गेम झाला म्हणून रीत मोडते काय? मग ऐन लढाईत बंदूक रिकामी. टोळीतला कोणी पडला की भर गोळीबारात त्याला उठवायला ही माघारी पळायची, आणि दोघंही मरायचे. आणि ज्वारीवर पोपट उतरले की लढाई तशीच टाकून मचाणावर उभी.

मग फोनमधून म्होरकीचा तोच आवाज यायचा, "घे ना बे त्या गोळ्या. काहून नुसता पाहून राहिला? जीव जाऊन राहिला आमचा इथी."

"काही विचारायचं असंन तं विचार त्याईले," इकडे बैठकीत पोरीचे वडील खुशालराव म्हणाले.

अपेक्षाने शिवमकडे रोखून पाहिलं. "तुमी तिवस्याचे शिवम. गेम खेळता काय, त्याच नावानं?"

शिवमने आ वासला. पण त्याचे वडील नत्थुजी बारा नकारांतून एक गोष्ट शिकले होते. पोरगी काहीही विचारो, आधी हो म्हणायचं.

"खेळते ना. दिवसभर दुसरा धंदाच नाही त्याले," ते म्हणाले. शिवमने मान हलवली.

अपेक्षाचा चेहरा एकदम उजळला. "बाबा, हाच तो. मी याले इतकं घालूनपाडून बोलली, एकडावबी उलटून बोलला नाही. मेलेल्याचं काही घेत नाही, पडलेल्याले टाकून पळत नाही. असा माणूस असंन तं मले शेतकरी चालते."

"मंग साखर आणा," खुशालराव म्हणाले. नत्थुजींनी मिशीवरून हात फिरवला.

गोदाबाईने पोराकडे पाहिलं. लग्नापर्यंत शिकवता येईल का याला? छे. याच्या हातचा बॉम्ब याच्याच पायावर पडायचा. आणि शिकवलं तरी काय? ही भाबडी पोरगी ज्याला हो म्हणत होती, तो माणूस इथे नवरदेवाच्या जागी बसलेलाच नव्हता. गोदाबाईला स्वतःची लाज वाटली. भीतीही वाटली, कारण आता तोंड उघडलं तर तेरावा नकार आपल्याच हाताने घ्यायचा होता. नत्थुजींनी तिचा पाय दाबला. तिने पाय काढून घेतला.

"पोरी, तो गेमवाला मी हाये," ती म्हणाली. "याले तं तो गेम उघडताबी येत नाही."

साखरेची वाटी खुशालरावांच्या हातातच राहिली. नत्थुजींनी डोळे मिटले. शिवम आईकडे असा पाहत होता, जणू तिला पहिल्यांदाच भेटत होता.

अपेक्षाने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला. मग ती गोदाबाईला खेटून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "सासू मले पसंत हाये. आता पोरगा पाहू."