पाच वेळा लिहून आण

‘आईचे हात वर्गातल्या माठासारखे गार आहेत.’

पेडणेकर बाईंचं लाल पेन त्या वाक्याशी अडलं. पुस्तकातली उपमा नको, स्वतः हात लावून पाहिलेलीच द्या, असं त्यांनी चौथीच्या मुलांना बजावलं होतं. कुणी लोणी लिहिलं होतं, कुणी कापूस. हे वाक्य मृणालीचं, गेल्याच आठवड्यात या शाळेत आलेली, मावशीकडे राहणारी.

“अगं, आईचे हात कधी गार असतात का?” बाई हसल्या, तसा वर्गही हसला. वाक्यावर फुली पडली. चुकलेलं वाक्य सुधारून पाच वेळा लिहून आणायचं, हा बाईंचा नेहमीचा शिरस्ता.

दुसऱ्या दिवशी मृणालीला सोडायला मावशी वर्गाच्या दारापर्यंत आली. “हिची आई महिन्यापूर्वी गेली, बाई,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “ऑफिसात सांगितलं होतं, तुमच्यापर्यंत आलं नसेल. आईला न्यायच्या वेळी हिने तिचा हात धरून ठेवला होता. सोडवता सोडवेना.”

कालची फुली तरी खोडावी म्हणून बाईंनी मृणालीची वही मागून घेतली. समोरच्या पानावर, एकाखाली एक, वळणदार अक्षरात पाच ओळी होत्या.

‘आईचे हात गोधडीसारखे उबदार आहेत.’

“आता बरोबर आहे ना, बाई?” मृणालीने विचारलं. “मला आठवत नव्हतं. मावशीला विचारून लिहिलं.”