मालकाशी थेट संपर्क

"दलाल नको, दलाल नको! घ्या आता. चार महिन्यांत काळं कुत्रंही फिरकलं नाही," फाटकावरची पाटी पुसता पुसता मुलगा करवादला.

धुळीखालून बाबांचं वळणदार अक्षर वर आलं. 'घर विकणे आहे. मालकाशी थेट संपर्क.' खालचा नंबर वाचून त्याचा हात थांबला.

"बाबा, हा आईचा नंबर! ती गेल्यापासून बंद आहे तो. चुकून घातलात का?"

"चुकून कशाला? घर तिचं." बाबांनी त्याच्या हातातलं फडकं घेतलं. "शेवटी तुझ्या फ्लॅटवर पडून तिचं एकच चाललं होतं, मला घरी न्या. डॉक्टर लांब, जिना उंच... सतरा कारणं काढली आपण. नेलं नाही रे तिला."