घड्याळवाल्याचं रक्त

"गाठ पुरुषाची आणि रक्त बाईचं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "हे कसं काय, नमुनाबाई?"

नमुनाबाईंचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला. प्रयोगशाळेत येणारी प्रत्येक नळी आणि डबी बावीस वर्षं त्यांच्याच हाताखालून आत जात होती, म्हणून हे नाव पडलेलं. नावाचा वाकडा अर्थ त्यांना ठाऊक होता, आणि त्यावर सगळ्यांच्या आधी त्याच हसत. पण बावीस वर्षांत इकडची चिठ्ठी तिकडे गेली नव्हती.

हा पेशंट घड्याळं दुरुस्त करणारा. वय पंचेचाळीस, आतड्यात कॅन्सरची गाठ. अशा गाठीतली जनुकं आणि त्याच माणसाच्या निरोगी अंगातली जनुकं शेजारी शेजारी ठेवून वाचायची. फरक दिसला तिथे बिघाड. मग गाठीतली प्रथिनं तपासायची, म्हणजे तो बिघाड नुसता लिहिलेलाच आहे की कामाला लागलाय ते कळतं. त्यावरून गोळी ठरते. निरोगी अंग म्हणून कातडीचा कपटाही चालतो, पण रक्त काढणं सोपं, म्हणून रक्तच घेतात.

"आणि ही बाई परकी नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "त्याची सख्खी बहीण दिसते."

एवढं ऐकलं आणि नमुनाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या बहिणीला त्यांनी पाहिलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. भावाचा फॉर्म तिनेच भरला होता. 'गेल्या दहा वर्षांत मोठा आजार?' या प्रश्नापुढे ठसठशीत 'नाही' लिहून तिने खाली दोन रेघा मारल्या होत्या. वर म्हणाली होती, "सुई दिसली की हा भिंतीला चिकटतो. जन्मभर याचं सगळं मीच निस्तरलंय."

"तिनेच आपला दंड पुढे केला असणार, मॅडम. बाहेर सुई टोचणारीने तोंड कशाला बघितलं असेल?"

"मग पुन्हा घ्या, स्वतःच्या हाताने. खात्री होईपर्यंत त्यांना काही बोलू नका. सोमवारी डॉक्टरांची बैठक आहे. तोवर हे सुटलं नाही तर त्याची गोळी लांबेल. आणि नमुन्यांची खोली मला दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल."

दुसऱ्या दिवशी घड्याळवाला एकटाच आला. खुर्चीत बसण्याआधीच त्याने डोळे मिटून घेतले.

"आधीचं रक्त कमी पडलं का हो?"

"पडलं थोडं."

"ताईला आणायला हवं होतं. तिचंच घ्या की. काय फरक पडतो?"

"फरक पडतो," नमुनाबाई कोरडेपणाने म्हणाल्या. मनात म्हणाल्या, चोर स्वतःच बोलतोय. "अलीकडे कुणाचं रक्त चढवलंय का तुम्हाला?"

"छे हो! बाकी ठणठणीत आहे मी."

"डोळे उघडा. नळीवरचं नाव वाचा."

त्याने एकच डोळा उघडला. "माझंच आहे. म्हणजे तुम्ही माझी गाठ खोलणार आणि कुठलं चाक उलटं फिरतंय ते बघणार. आपला धंदा एकच की, बाई!"

सुई टोचल्यावर तो एवढ्या जोरात ओरडला की बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. ती नळी नमुनाबाईंनी कुणाच्या हाती दिली नाही. बाळंतिणीने बाळ न्यावं तशी छातीशी धरून मशीनपर्यंत नेली.

शुक्रवारी मशीनवाला कागद घेऊन आला, तो दारातूनच हसत.

"बाई."

"काय बाई?"

"रक्त. पुन्हा बाईचंच, आणि तीच बाई. नमुनाबाई, तुमचा हात लागला की पुरुषाची बाई होते. मला नका हं हात लावू, बायको ओळखायची नाही."

सगळे हसले. नमुनाबाईही हसल्या, पण शनिवारी त्यांनी टेबलाचा खण आवरायला घेतला. सुई त्यांनीच टोचली होती, दंड त्यांनीच धरला होता. आता दोष कुणावर ढकलायचा?

सोमवारी भाऊबहीण बैठकीसाठी आले. भाऊ बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. ते सव्वादोन मिनिटं मागे होतं आणि त्याला चैन पडत नव्हतं. नमुनाबाईंनी मोठ्या मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली, तशा त्या बहिणीला जिन्याजवळ घेऊन गेल्या.

"ताई, चिडू नका. तुमच्या भावाच्या नावाचं रक्त आमच्याकडे दोनदा आलं. दोन्ही वेळा ते तुमचं निघालं. दुसऱ्यांदा तर मी स्वतः त्याच्या दंडातून काढलं. मला वेड लागायची पाळी आली आहे."

ताई अशा हसल्या की जिना दणाणला.

"बाळ्या! इकडे ये! यांच्या मशीनने पकडलं रे आपल्याला!"

"मी म्हणत होतो सांगून टाक," घड्याळवाला उठत म्हणाला. "फॉर्मवर तूच 'नाही' लिहिलंस."

"दहा वर्षांतलं विचारलं होतं त्यांनी! त्याला आता तीस झाली."

"कशाला तीस झाली?" नमुनाबाईंनी विचारलं.

"अहो, पंधराव्या वर्षी याचं रक्तच नासलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी माझ्या हाडांतला, रक्त तयार करणारा मगज काढून याच्या अंगात सोडला. तेव्हापासून याच्या अंगात तयार होतं ते रक्त माझंच."