नारळावरची शपथ

गुणाजीच्या सोनोग्राफीत लिव्हर सुजलेलं दिसलं आणि ठाकुर्लीच्या अख्ख्या बिल्डिंगने ठरवून टाकलं, हा वागळे इस्टेटला कामाला जातो, तिकडेच लपून पीत असणार. बायको, मंजुळा, त्याला गावदेवीच्या देवळात घेऊन गेली. नारळावर हात ठेवून त्याने शपथ घेतली, "आजपासून दारूला शिवणार नाही."

तरी पाय सुजायला लागले, जिना चढताना दम लागू लागला. आठ महिन्यांनी ठाण्याच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं. म्हणाले, "हृदय कमजोर झालंय. रक्त पुढे ढकललं जात नाही, ते मागे लिव्हरमध्ये तुंबतं. सूज त्याची आहे. दारू घेता?"

"कधीच नाही."

घरी परतताना तो दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबला. मंजुळाही एक पायरी खाली थांबली.

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना, मी पीत नाही म्हणून."

"सांगितलं होतं की."

"मग शपथ कशाला घेतलीत?"

गुणाजीने दम घेतला.

"तू तीन दिवस जेवली नव्हतीस."